थुंकी एकाची, उत्तर सगळ्यांचं

आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे. तुमच्याही घरी असेलच. रबरबँड, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या, मुदत संपलेली कुपनं आणि भारतातून आणलेल्या, इथल्या कुठल्याही भोकात न बसणाऱ्या प्लगच्या पिना त्यात सुखाने नांदतात. त्या ड्रॉवरमध्ये गेल्या नाताळपासून एक लहानसं खोकं पडून आहे. आत प्लॅस्टिकची नळी. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पोस्टात टाकायचं आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कोण हे कॉम्प्युटरवर वाचायचं.

हे खोकं मला मुलीने भेट दिलं. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये स्वस्त मिळालं, शिवाय बापाला मोज्यांखेरीज काहीतरी द्यावं असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. "बाबा, पणजोबांचं कोडं एकदाचं सोडवून टाकू," ती म्हणाली.

कोडं असं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात माझ्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, नावापुढे कंसात एकच शब्द आहे : दत्तक. जन्मसाल १९१३. कुणाकडून दत्तक घेतलं ती जागा रिकामी. आमच्या आत्याच्या मते मूल भावकीतलंच, गावातल्या तिसऱ्या घरातलं. दुसरा एक प्रवाद आहे, तो लग्नाकार्यात, पंगत उठल्यावर, आवाज खाली आणून सांगितला जातो : मूल पंढरपूरहून आणलं. पंढरपूर म्हटल्यावर काय सुचवायचं आहे ते जुन्या माणसांना कळतं. तिथे १८७५ साली प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने विधवांच्या मुलांसाठी आश्रम निघाला होता. माझ्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, हे आजवर कुणी बोललेलं नाही.

माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगची आणि पोटाचा धंदा सॉफ्टवेअरचा. त्यामुळे कुठलंही यंत्र चालू करण्याआधी त्याचं मॅन्युअल वाचायची खोड आहे. खोक्यातला कागद चार ओळींचा निघाला, म्हणून मी लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. एक दानी शपिरो यांचं 'इन्हेरिटन्स', २०१९ साली आलेलं. दुसरं लिबी कोपलंड यांचं 'द लॉस्ट फॅमिली', २०२० सालचं. दोन्ही अमेरिकेत गाजली. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी असली खोकी घरात आणली असतील, आणखी आणतील. तेव्हा ही पुस्तकं काय देतात आणि कुठे कमी पडतात ते मांडावं म्हणून हा लेख.

ॲलिसबाईंचं गणित

कोपलंड या वॉशिंग्टन पोस्टच्या माजी पत्रकार. त्यांच्या पुस्तकाचा कणा म्हणजे ॲलिस नावाच्या एका निवृत्त बाईंची हकिगत. या बाईंनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात डेटा प्रोसेसिंगचं काम केलेलं, म्हणजे आमच्याच जातीच्या! (ही जात मात्र कुठल्याही चाचणीत दिसत नाही.) आईवडील दोघंही आयरिश वंशाचे कॅथलिक, अशी घरची पक्की समजूत. २०१२ साली त्यांनी गंमत म्हणून चाचणी केली. निकाल आला : अर्धा वंश ब्रिटिश बेटांकडचा, बरोबर, आणि उरलेला जवळजवळ अर्धा पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचा.

आधी त्यांना वाटलं, प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली. बहिणीची चाचणी केली. तसाच निकाल, आणि दोघी सख्ख्या बहिणी. म्हणजे चूक नव्हती. मग हा ज्यू वारसा आईकडून की वडिलांकडून? इथून पुढची पानं मी एखादी रहस्यकथा वाचावी तशी वाचली. पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. ॲलिसबाईंच्या भावांच्या एक्स गुणसूत्रात ज्यू अंश दिसेना. म्हणजे तो वडिलांकडून आला. मग आईकडच्या एका भावाची चाचणी केली, नातं जुळलं. वडिलांकडच्या एका भावाची केली, काहीच जुळलं नाही. ज्या घराण्याचं नाव वडिलांनी जन्मभर लावलं त्या घराण्याचं रक्त त्यांच्यात नव्हतं!

पुढचा धागा हाती यायला २०१५ साल उजाडलं. एका अनोळखी बाईने चाचणी केली होती. ज्यू वारसा दिसेल अशी तिची अपेक्षा होती, पण निघाला आयरिश वारसा, आणि तिचं जवळचं नातं जुळलं ते ॲलिसबाईंच्या वडिलांकडच्या त्याच भावाशी. कागदपत्रं काढली तेव्हा उलगडा झाला. १९१३ सालच्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या फोर्डहॅम हॉस्पिटलात दोन बाळांची अदलाबदल झाली होती. एक आयरिश आईचं, एक ज्यू आईचं. दोन्ही मुलं दुसऱ्याच्या कुटुंबात गेली, लग्नं केली, मुलं झाली, आणि उलगडा झाला तेव्हा दोघांपैकी कुणीही ऐकायला उरलं नव्हतं.

ही हकिगत पुस्तकाला भक्कम धरून ठेवते. तिच्या आजूबाजूला कोपलंडबाईंनी पुष्कळ गोळा केलं आहे : सॉल्ट लेक सिटीतला वंशावळप्रेमींचा मेळा, वंशशुद्धीच्या नावाखाली अमेरिकेत झालेले अन्याय, कंपन्यांचा धंदा, टक्केवारी कशी काढतात त्याची चिकित्सा. टक्केवारीचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं. 'इतके टक्के अमुक' हे आपल्या रक्ताचं मोजमाप नसतं. कंपनीपाशी जे नमुने आहेत त्यांच्याशी तुलना करून बांधलेला तो अंदाज असतो, आणि नमुने वाढले की तोही बदलतो. आपण तेच, थुंकी तीच, आणि पूर्वज दरवर्षी निराळे.

दोष सांगायचा तर, मधल्या प्रकरणांत माणसांची गर्दी फार होते. प्रत्येक प्रकरणात नवी कुटुंबं येतात, नवे धक्के बसतात, आणि मागचं कुटुंब विसरायला होतं. मला तर कागदावर नावं लिहून ठेवावी लागली. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ॲलिसबाईंनी उत्तर एकटीच्या थुंकीतून मिळवलं नाही. बहीण, भाऊ, आईकडचे, वडिलांकडचे अशा सगळ्यांना त्यांनी विनंती केली आणि सगळ्यांनी नळीत थुंकून दिलं. त्यातल्या वडिलांकडच्या भावाने मदत म्हणून नमुना दिला, आणि त्या मदतीपायी त्याची लहानपणापासूनची बहीण रक्ताने परकी ठरली. त्याच्या बाजूने ही गोष्ट अजून सांगायला हवी होती. कोपलंडबाई शोध घेणाऱ्याबरोबर चालतात. ज्यांच्या घरात शोध जाऊन पोचतो त्यांच्याबद्दल त्यांना सहानुभूती आहे, पण त्यांच्या ओट्यावर त्या फार वेळ बसत नाहीत.

छत्तीस तासांत बाप

शपिरोबाईंचं पुस्तक अगदी उलट जातीचं. तिथे एकच घर, एकच बाई, आणि ती बाई स्वतः लेखिका. वडील कर्मठ ज्यू, मोठ्या नावाजलेल्या धार्मिक घराण्यातले. २०१६ साली नवऱ्याने चाचणी करायची म्हणून हिनेही केली. ज्यू अंश निघाला बावन्न टक्के. वडिलांच्या पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणजे हिची सावत्र बहीण, हिने आधीच चाचणी केलेली होती. दोघींचे निकाल शेजारी ठेवले तर नातं शून्य. एका वडिलांच्या दोन मुलींचा पाव भाग तरी जुळायला हवा. इथे काहीच नाही.

मग शपिरोबाईंना आठवतं, की आई एकदा बोलण्याच्या ओघात फिलाडेल्फियातल्या एका संस्थेचं नाव बोलून गेली होती. मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांना ती संस्था मदत करीत असे. त्या काळी नवऱ्याच्या वीर्यात दात्याचं वीर्य मिसळण्याची पद्धत होती. म्हणजे मूल नक्की कुणाचं हे कुणालाच कळू नये, आणि आईबापांना 'आपलंच' म्हणायला जागा राहावी. चाचणीत एक अनोळखी चुलत भाऊ निघाला होता. त्याच्यावरून इंटरनेटवर शोधता शोधता साधारण छत्तीस तासांत जन्मदाता सापडला : एक निवृत्त डॉक्टर, वैद्यकीय शिक्षण घेत असताना दान केलेला. अर्ध्या शतकाहून जास्त काळ झाकलेलं रहस्य दीड दिवसात उघडं! आमच्या कंपनीत साधा पासवर्ड बदलून मिळायला याहून जास्त वेळ लागतो.

पुस्तक हातातून सुटत नाही हे कबूल केलं पाहिजे. पण त्याची मांडणी मला खटकली. लहान लहान प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक धक्का, टीव्हीवरच्या मालिकेसारखी. आणि निकाल कळल्यावर बाई आपलं सगळं आयुष्य मागे जाऊन तपासतात आणि प्रत्येक आठवण पुरावा म्हणून हजर करतात. लहानपणी सोनेरी केस होते, लोक म्हणत ही ज्यू दिसत नाही. नाझी छळातून वाचलेल्या एका ओळखीच्या बाईने तर म्हटलं होतं, की तू त्या वस्तीत असतीस तर तुझ्या रूपावर आम्हाला पाव मिळाला असता. आपण घरात उपऱ्या आहोत असं बाईंना नेहमी वाटे. हे सगळं खरं असेल. पण इंजिनिअर म्हणून मला विचारावंसं वाटतं : निकाल उलटा आला असता तर याच आठवणींचं काय झालं असतं? घरात उपरं वाटणारी मुलं जगात थोडी का आहेत? माझ्या मुलीला तर दर गुरुवारी वाटतं. उत्तर हाती आल्यावर गोळा केलेल्या पुराव्याला आमच्या धंद्यात कुणी पुरावा म्हणत नाही.

आणि त्या डॉक्टरांचं काय? नाव कधीही उघड होणार नाही अशा समजुतीने त्यांनी दान केलं होतं. शपिरोबाई त्यांचं खरं नाव पुस्तकात देत नाहीत हा त्यांचा सभ्यपणा. पण त्यांना लिहावं की न लिहावं हा प्रश्न पुस्तकात फार लवकर सुटतो.

पुस्तक तारून नेते ती आत्या. वडिलांची नव्वदी ओलांडलेली बहीण, तीही कर्मठ. शपिरोबाई घाबरत घाबरत तिच्याकडे जातात आणि सगळं सांगतात. म्हातारी सगळं ऐकून घेते आणि तू माझ्या भावाचीच मुलगी आहेस, हे आपल्या परीने पुन्हा सांगते. ती पानं वाचताना मला आमची आत्या आठवली. चाचणीने सिद्ध केलं होतं की या दोघींचं रक्ताचं नातं नाही. त्या खोलीत मात्र नातं काय आहे हे ठरवायचा अधिकार त्या म्हातारीचा होता, आणि तिने तो वापरला.

यंत्राला काय कळतं

आता आपल्या कोड्याकडे येतो. कारण ही दोन्ही पुस्तकं अमेरिकेतल्या गोऱ्या कुटुंबांची आहेत आणि त्यांचा एक मोठा आधार दोघींनीही फारसा मोजलेला नाही. तो आधार म्हणजे गर्दी. एका मोठ्या कंपनीकडे आज दोन कोटींहून अधिक लोकांचे नमुने आहेत, पण त्यात युरोपीय वंशाचे लोकच फार. त्यांना चुलत-मावस भावंडं भराभर सापडतात. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या माणसाला तिथे कोण भेटणार? भेटलाच तर ह्यूस्टनला असणारा एखादा देशबांधव, 'पाचव्या पिढीतला भाऊ असावा' अशा शेऱ्यासह.

त्या शेऱ्यातही गोम आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं केली. आपल्या बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होत आलं आहे. त्यामुळे दोन माणसांत एकाच नात्याने नव्हे, चार-पाच लांबच्या नात्यांनी मिळून सामाईक तुकडे जमतात, आणि यंत्राला नातं आहे त्यापेक्षा जवळचं वाटतं. ज्यू समाजाच्या बाबतीत ही अडचण प्रसिद्धच आहे. २०१७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात भारतीय उपखंडातले असे ८१ गट सापडले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात युरोपातल्या ज्यूंपेक्षाही ठळक होती. म्हणजे आमची 'भावकी' यंत्रालाही दिसते, पण कोण कुणाचा ते मात्र कळत नाही.

मग मुलीने दुसरा मार्ग काढला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. आप्पा भावकीतले असतील तर त्यांचं वाय आणि भावकीतल्या आजच्या एखाद्या पुरुषाचं वाय जुळेल. पंढरपूरचे असतील तर बहुधा जुळणार नाही. युक्ती जुनीच आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन आणि त्यांच्या घरची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांच्याबाबतीत १९९८ साली हेच केलं होतं. जेफर्सनना पुरुष वारस नव्हते, म्हणून त्यांच्या काकांच्या वंशातल्या पुरुषांचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळले. 'नेचर'मध्ये लेख आला, जगभर बातमी झाली.

पण चाचणीने नेमकं काय सांगितलं होतं? एस्टनचा बाप जेफर्सन घराण्यातला होता, एवढंच. कोणता जेफर्सन ते वाय गुणसूत्राला माहीत नसतं. भावाचं, पुतण्याचं, सगळ्यांचं तेच. उरलेला पुरावा आधीपासून कागदावर होता. सॅलीच्या दुसऱ्या मुलाने, मॅडिसनने, १८७३ साली वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं होतं की जेफर्सन आपले वडील. इतिहासकारांनी ते शंभरावर वर्षं बाजूला सारलं. ॲनेट गॉर्डन-रीड या विदुषीने चाचणीच्या आदल्याच वर्षी, १९९७ साली, पुस्तक लिहून दाखवून दिलं होतं की त्या मुलाची साक्ष नाकारायला सबळ कारण नव्हतं. सांगणारा गुलाम आणि ऐकणारे मालकाचे चाहते, एवढंच. या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी वरची दोन बाजूला ठेवून तेच सुचवीन. थुंकीच्या आधी साक्ष ऐकायला शिका, हा त्याचा धडा.

आमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. समजा जुळलं नाही, तर फट कुणाच्या घरात? आमच्याच घरात असं कशावरून? त्या तिसऱ्या घरात, चार पिढ्यांपूर्वी, कुणालाही ठाऊक नसलेलं काही घडलेलं असू शकतं. मी माझं कोडं घेऊन जायचं आणि त्या बिचाऱ्याच्या हातात दुसरं कोडं ठेवून यायचं! कुणाला तरी फोन करून 'जरा थुंकतोस का' असं विचारणं दिसतं तेवढं सोपं नाही.

थुंकी एकाची असली तरी उत्तर एकट्याचं नसतं, याचा पुरावा माझ्या धंद्यातही मिळाला. २०२३ साली 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले. लोकांनी दुसरीकडे वापरलेले पासवर्डच तिथे वापरले होते. पण नातेवाईक दाखवण्याच्या सोयीमुळे या १४ हजारांमधून जवळजवळ ६९ लाख माणसांची माहिती बाहेर गेली. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढे संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती विकत घेतली. सगळ्यांच्या थुंकीसकट.

कंसातला शब्द

आता थोडं आपल्याकडे पाहू. कारण 'त्यांच्याकडे रक्त, आमच्याकडे संस्कार' असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे, आणि ते खोटं आहे.

दत्तक ही आपल्याकडची जुनी आणि राजमान्य सोय. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक गेले. ते लांबच्या का होईना, भावकीतले होते. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेले. वायची चाचणी केली तर पहिले जुळतील आणि दुसरे जुळणार नाहीत. पण म्हणून कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराजांचा हक्क कमी होता असं आज कुणी म्हणेल का? म्हणणारे एकदा होऊन गेले. १८४८ साली साताऱ्याचं आणि १८५४ साली झाशीचं दत्तकविधान नामंजूर झालं आणि राज्यं खालसा झाली. रक्ताचा वारस दाखवा असा हट्ट तेव्हाही एका कंपनीनेच धरला होता!

पण याच समाजात कोणतं मूल कुठून आलं हे सांगायची चोरी होती. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी प्रसूतिगृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतला, उघडपणे, आणि जोतीरावांनी मृत्युपत्रात त्यालाच वारस केलं. पुढे तो डॉक्टर झाला. यशवंताबद्दल कुठल्या चाचणीची गरज नाही, कारण त्याच्या आईबापांनी काही लपवलंच नाही. आमच्या कुलवृत्तांतात मात्र जागा रिकामी आहे. आणि दत्तकाचंच काय, लेकींची तरी कुठे नोंद आहे? चार पिढ्यांच्या मुली 'कन्या दोन', 'कन्या तीन' अशा आकड्यांत उरकल्या आहेत. हे पान कुणी चोरून नेलेलं नाही, आम्हीच कोरं ठेवलं. मुलीला नळी उचलावीशी वाटते याचं कारण हे आहे. तिला दोष देण्यापूर्वी मी हे ध्यानात ठेवायला हवं.

आपल्याच भाषेतलं आणखी एक उदाहरण सांगतो. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगावी 'शनिवार तेली' म्हणत, ते मराठी बोलत इस्राएलला गेले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांच्या लग्नांआधी आईकडच्या पूर्वजांची चौकशी करावी. लोकांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. जनुकांचा मोठा अभ्यास आला तो २०१६ साली. त्यात निघालं की त्यांच्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे आहेत. म्हणजे मराठी बेने इस्राएल घराण्यांत परंपरेने जे सांगत आले त्याला मोठा आधार मिळाला. पण धर्मपीठाचा प्रश्न हा नव्हताच. पूर्वजांची लग्नं आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, असा तो होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याही गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं. तो प्रश्न माणसांनी रस्त्यावर बसून सोडवला.

खोक्याचं काय झालं

दोन्ही पुस्तकांबद्दल माझं मत आता सांगून टाकतो. कोपलंडबाईंचं पुस्तक विकत घ्यावं, शपिरोबाईंचं लायब्ररीतून आणावं. पहिलं वाचून शोध कसा घ्यायचा ते कळतं, दुसरं वाचून शोध संपल्यावरही काय उरतं ते कळतं. पण दोन्ही पुस्तकं धरून चालतात की जाणून घेणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि त्याची किंमत इतरांनी कशी चुकवायची ते नंतर पाहता येईल. मला ते नंतर पाहायचं नव्हतं.

कारण एक गोष्ट मुलीने सहज बोलता बोलता दाखवून दिली होती. अण्णांची थुंकी लागतच नाही. आप्पांचं वाय अण्णांत, अण्णांचं माझ्यात. मी आज रात्री दात घासायच्या आधी नळीत थुंकलो तर अण्णांना कळणारही नाही. नेमकं तेच मला नको होतं. म्हणून रविवारच्या फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कराडला एकटेच राहतात. पंढरपूरचाही उल्लेख केला. आयुष्यात पहिल्यांदा.

पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं लाइन तुटली.

"मी आप्पांना एकदाच विचारलं होतं," अण्णा म्हणाले. "सहावी-सातवीत असेन. शाळेत कुणी तरी काही बोललं म्हणून. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही."

मी काहीच बोललो नाही.

"त्यात माझं थुंकावं लागतं का तुझं?"

"माझं पुरतं, अण्णा."

"मग मला कशाला विचारतोस?"

"अर्धं तुमचं आहे म्हणून."

ते हसले, निदान मला तसं वाटलं. मग म्हणाले, "मे महिन्यात येतोयच तिकडे. तेव्हा बघू. पोरीला सांग, आजोबा नाही म्हणाले नाहीत. पण भावकीत कुणाला फोन करू नकोस."

मुलीला निरोप दिला. तिने आधी खोक्यावरची मुदत तपासली. मेपर्यंत चालेल म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आजोबा आले की आधी मी त्यांना आप्पांबद्दल विचारणार. टेपवर घेणार. नळी नंतर." खोकं आता किल्ल्यांच्या ड्रॉवरमधून काढून कुलवृत्तांताशेजारी, पुस्तकांच्या कपाटात ठेवलं आहे.

तुमच्या घरी असं खोकं असेल तर एवढंच सुचवतो : थुंकण्याआधी एक फोन करा. उत्तर द्यायला कंपनी पुढच्या वर्षीही असेल, नाहीतर दुसरी असेल. पलीकडे फोन उचलणारं माणूस असेल याची मात्र खात्री नाही.